आपल्या बाजूचं एक माणूस

‘सगळ्यांकडे आहे’ या वाक्याला आजवर कुठल्याही आईबापाला धड उत्तर सापडलेलं नाही. ‘उद्या सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तूही मारशील का?’ हा मागच्या पिढीकडून वारशाने आलेला प्रतिप्रश्न मीही मुलीवर वापरून पाहिला. तिने जरा विचार केला आणि विचारलं, “सगळ्यांनी म्हणजे कोणी कोणी?”

मला आधी हसू आलं. मग वाटलं, प्रश्न अगदी रास्त आहे. तिला जगाची पर्वा नव्हतीच, वर्गातल्या तीन-चार मुलींची होती. विषय पाण्याच्या बाटलीचा होता. घरात चांगली, न गळणारी बाटली होती. पण हवी होती ती उंच, मुठीची, ठरावीक फिक्या रंगाची. ‘तहान दोन्ही बाटल्यांनी तेवढीच भागते’ हा माझा युक्तिवाद बिनतोड होता आणि बिनकामाचाही, कारण बाटली तहानेसाठी नव्हती. ती मधल्या सुट्टीत बाकावर, बाकीच्या बाटल्यांच्या रांगेत उभी राहण्यासाठी होती.

मुलांच्या या लाटा बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पदच दिसतात. 2017 मध्ये बोटांवर गरगर फिरणाऱ्या फिजेट स्पिनरने जगभरच्या शाळांना वेड लावलं. काही महिने ते ज्याच्या हातात नव्हतं त्याला जणू हातच नव्हते, आणि वर्ष सरेपर्यंत तेच स्पिनर टेबलाच्या खणात धूळ खात पडले. त्याआधी तामागोची, म्हणजे छोट्या यंत्रात पाळायचा खोटा प्राणी, त्याच्याही आधी रुबिकचा ठोकळा. आपण त्यातून गेलो आणि बाहेर पडलो, म्हणून आता शहाण्यासारखं हसतो. पण बाहेर पडलो म्हणजे फक्त वस्तू बदलल्या. मोठ्यांच्या जगात त्याच बाटलीला कधी फोन म्हणतात, कधी मुलाला घातलेला कोडिंगचा क्लास. फरक एवढाच की आपल्याला ‘सगळ्यांकडे आहे’ असं मोठ्याने म्हणावं लागत नाही. आपण ‘काळाची गरज’ म्हणतो.

तेव्हा मूल लाटेमागे जातं ते अक्कल कमी म्हणून, हे काही खरं नाही. मग कशामुळे? या प्रश्नाशी खेळताना मला राहून राहून एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. मानसशास्त्राच्या प्रत्येक प्राथमिक पुस्तकात तो असतो, पण त्याचा पहिला अर्धा भागच सांगितला जातो. माझ्या दृष्टीने खरी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉलेजच्या तरुणांवर हा प्रयोग केला. काही जणांना एका खोलीत बसवायचं, एका कार्डावर एक रेघ दाखवायची, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, आणि त्या तिघींतली पहिलीएवढी लांब कोणती ते एकेकाला मोठ्याने सांगायला लावायचं. प्रश्न इतका सोपा की एकट्याला विचारलं तर शंभरात एखादंही उत्तर चुकत नव्हतं. पण खोलीतले बाकी सगळे ॲशने आधीच पढवून ठेवलेले होते. ठरलेल्या फेऱ्यांना ते एकापाठोपाठ एक, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, तेच चुकीचं उत्तर देत. जो बिचारा खरोखरच प्रयोगासाठी आला होता त्याचा नंबर शेवटाकडे यायचा. अशा फेऱ्यांमध्ये त्याची साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या सुरात सूर मिसळून चुकीची आली. चारांपैकी तीन जण निदान एकदा तरी घसरले.

इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यावरून ‘माणूस शेवटी मेंढरूच’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. मला तो आळशीपणा वाटतो. एक तर चारांतला चौथा कधीच घसरला नाही. आणि घसरलेल्यांपैकी पुष्कळांना रेघ नीटच दिसत होती, फक्त एकट्याने वेगळं बोलायचं धाडस होत नव्हतं. हेच उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर गुपचूप लिहायला दिलं की चुका कमी होत.

लहान मुलांचंही तसंच. डॅनिएल हाउन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या मुलांना बाहेरून सारखी दिसणारी चित्रांची पुस्तकं देऊन असाच खेळ मांडला. एकाच्या पुस्तकातलं चित्र मात्र गुपचूप वेगळं ठेवलं होतं. स्वतःला दिसणारं चित्र सोडून बाकीच्यांचं उत्तर देणारी मुलं तिथेही निघाली, पण सवंगड्यांच्या नकळत उत्तर द्यायची मुभा मिळाली की त्यांचं हे झुकणं कमी होई. म्हणजे चार वर्षांच्या मुलालाही दोन गोष्टी वेगवेगळ्या कळतात: मला काय दिसतं, आणि इथे काय बोलायचं असतं. हे कळणं वाईट नाही. माणसांत राहायला ते लागतंच. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा दुसरी गोष्ट इतकी वाढते की पहिली विचारायचंच राहून जातं.

आता दुसरा अर्धा भाग. ॲशने गर्दी लहानमोठी करून पाहिली. समोर एकच विरोधक असेल तर माणूस सहसा ढळत नव्हता. दोन झाले की डगमगू लागे. तीन झाले की दबाव जवळजवळ पुरा होई, आणि त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नसे. हे वाचल्यावर मला मुलीच्या ‘कोणी कोणी?’चा हिशेब लागला. आपण उगाच समाजमाध्यमांतल्या लाखो डोळ्यांना घाबरतो. मूल मोडायला बाकावरच्या तिघी पुरतात.

मग त्याने आणखी एक बदल केला. खरोखरच्या माणसाच्या आधी बसणाऱ्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बस, एकालाच. बाकी सगळी खोली तशीच चुकीची. तेवढ्याने गर्दीमागे जाणारी उत्तरं आधीच्या सुमारे चौथाईवर आली. त्या सोबत्याने काही भाषण केलं नव्हतं. ‘तू स्वतःवर विश्वास ठेव’ असं तो म्हणाला नव्हता. त्याने फक्त स्वतःला दिसलेली रेघ सांगितली.

मुलांना स्वतःचा स्वीकार शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, यावर मला सापडलेलं सगळ्यात ठोस उत्तर हे आहे. अंगावरच्या शर्टापासून भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे ‘जशी आहेस तशीच राहा’ छापलेलं असतं. (तीही आता एक लाटच झाली आहे. वेगळं असण्याचा शर्ट सगळ्यांनी एकाच दुकानातून घ्यायचा.) बाराव्या वर्षी आपण कशा आहोत हे जिला अजून कळायचं आहे, तिला हा सल्ला देऊन काय हाती लागणार? तिला सल्ला नको असतो. खोलीत आपल्याला दिसतं तेच दिसणारं एक माणूस हवं असतं. ते माणूस मैत्रीण असू शकतं, आजोबा असू शकतात, चित्रकलेचे सर असू शकतात. बहुतेकदा ती जागा आईबापांकडेच येते, मागून घेतली नाही तरी.

ती जागा टिकवणं मात्र अवघड, आणि इथे ॲशचे आणखी दोन बारकावे कामी येतात. एका प्रकारात त्याने सोबत्याला पहिल्या काही फेऱ्या खरं बोलायला लावलं आणि मग अचानक गर्दीत सामील केलं. तेव्हा चुकांचं प्रमाण पुन्हा उसळून वर गेलं, जणू सोबती कधी नव्हताच. दुसऱ्या प्रकारात सोबती मध्येच काही निमित्ताने खोलीतून निघून गेला. तेव्हाही चुका वाढल्या, पण तेवढ्या नाही. माणूस उठून गेला तरी त्याच्या असण्याचा परिणाम काही काळ मागे रेंगाळला.

पालकांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार रोज घडतात. घरात आपण म्हणतो, ‘तुझा रंग, तुझी उंची, तुझे केस, सगळं छान आहे.’ मग चार पाहुणे येतात. कुणी मावशी सोफ्यावर टेकता टेकता म्हणतात, “अगंबाई, किती सुकलीय ही! आणि काळवंडली पण!” आणि आपण, केवळ पाहुणचार म्हणून, ओशाळं हसत म्हणतो, “हो ना, उन्हात खेळते, ऐकतच नाही.” आपल्या लेखी ते बोलणं तिथेच विरलं. मुलीच्या लेखी आपल्या बाजूचं माणूस पलीकडे जाऊन बसलं. मुलगा चारचौघांत बोलत नाही म्हणून ‘लाजाळू आहे हो फार, काय करावं कळत नाही’ असं त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याला सांगणं, निकालाच्या दिवशी आधी शेजारच्या मुलाचे गुण विचारणं, ही सगळी पक्ष बदलण्याचीच रूपं. एकांतात केलेलं शंभर वेळचं कौतुक अशा एका वाक्याने खाली येतं, कारण कौतुक एकांतात होतं आणि हे चारचौघांत.

उलट, सोबती खोलीतून गेला तर तेवढं बिघडत नाही. हे मला फार दिलाशाचं वाटतं. आपण वर्गात नसतो, बसमध्ये नसतो, मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये तर नसायलाच हवं. पण आधी बाजूला बसलो असू तर त्याचा काही अंश मुलासोबत आत जातो. म्हणून मावशींना मी आता सरळ म्हणते, “मला तर ती झकास दिसते,” आणि चहाचं विचारते. भांडण करावं लागत नाही. आपल्याला दिसलेली रेघ तेवढी मोठ्याने सांगायची.

‘झकास’ म्हणतानाही तोल लागतो, हे खरं. कौतुकाचा रतीब घातला की मुलं आपोआप आत्मविश्वासू होतील, अशी एक समजूत अमेरिकेत चांगलीच फोफावली होती. कॅलिफोर्निया राज्याने 1986 मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी समितीसुद्धा नेमली. पुढे 2003 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळून पाहिलं, तेव्हा आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला फारसा आधार सापडला नाही. एडी ब्रुमेलमान यांच्या 2014 मधल्या अभ्यासात तर, ज्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खाली होतं, ती ‘अप्रतिम! अफलातून!’ अशा फुगवलेल्या कौतुकानंतर अवघड काम टाळू लागली. त्यांचं काही चुकत नव्हतं. एकदा ‘अफलातून’ ठरल्यावर पुढचं चित्र साधं निघालं तर काय, ही भीती आलीच. स्वीकारात ही भीती नसते, कारण तो चित्रावर अवलंबून नसतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी फार पूर्वी हेच मांडलं: प्रेम अटींवर मिळतं असं मुलाला वाटलं की ते स्वतःच्या अनुभवातला त्या अटींत न बसणारा भाग लपवू लागतं, पुढे तर स्वतःपासूनही. आणि असं लपवून जगण्याचा सराव झालेल्या मुलाला कुठल्याही लाटेत सामील व्हायला वेळ लागत नाही. ते काम त्याला घरात आधीच जमलेलं असतं.

आता बाटलीचं काय? मी ती घेतली. काही ओळखीच्या पालकांना हे पटलं नाही. ‘अशाने सवय लागते’ म्हणाले. लागतही असेल. पण लाटेला तत्त्व म्हणून विरोध करणाऱ्या घरांत वाढलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीच लाटेकडे पाठ करून असली तरी नजर तिच्यावरच ठेवून असतात. जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी 1904 मध्ये फॅशनवर लिहिताना हे नेमकं पकडलं होतं. फॅशनमध्ये माणसाला दोन्ही हवं असतं, चारचौघांसारखं असणं आणि चारचौघांत उठून दिसणं. आणि जो मुद्दाम फॅशनच्या उलट वागतो तोही तिचंच अनुकरण करत असतो, फक्त चिन्ह उणे. ‘आम्ही असलं काही घेत नाही’ हा अभिमान मुलाच्या अंगावर चढवणं म्हणजे त्याला आईबापांच्या छोट्या लाटेत ढकलणं. त्याला काय आवडतं ते याही घरात कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून मी वस्तूवरून वाद घालणं बऱ्यापैकी सोडून दिलं आहे. परवडेल ते घ्यावं, नाही परवडत तर तसं सरळ सांगावं. पैसे नाहीत हे पैसे नाहीत म्हणूनच सांगावं, त्याला साधेपणाचं तत्त्वज्ञान चिकटवू नये, मुलांना ते लगेच कळतं. माझी तलवार मी वेगळ्या जागांसाठी राखून ठेवते. चेहरा उजळ आणि नाक बारीक करणारा फिल्टर लावल्याशिवाय फोटो पाठवायचाच नाही, असं झालं की मी बोलते. स्वतःला मनापासून आवडणारी गोष्ट कुणी हसेल म्हणून लपवावी लागली की बोलते. माझ्या धाकट्या मुलाला किड्यांचं वेड आहे. ते त्याने मित्रांसमोर अचानक ‘शी, घाण’ म्हणून झटकलं, तेव्हा मला बाटलीपेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटली. आणि ज्या लाटेत आत राहायचं तिकीट म्हणजे बाहेरच्या कुणाला तरी चिडवणं असतं, तिथे मी बोलून थांबत नाही, सरळ अडवते.

फोनबद्दल थोडंसंच, कारण त्यावर सगळेच बोलतात. पडद्यावरची गर्दी मोठी आहे म्हणून ती मला भयंकर वाटत नाही. तीन माणसांनंतर दबाव फार वाढत नाही हे आपण पाहिलंच. अडचण ही की तिथे वेगळी रेघ पाहणारा सोबती दिसेलच असं नाही. एक व्हिडिओ पूर्ण पाहिला की तसेच दहा समोर येतात. म्हणून कधीकधी मी शेजारी बसून मुलीच्या फोनवर तिच्यासोबत पाहते आणि उपदेश न करता मला काय दिसतं ते सांगते. “ही बाई घरात पण इतकी नीटनेटकी बसते? आणि कॅमेरा कोणी धरलाय?” ती कधी हसते, कधी वैतागून फोन काढून घेते. दोन्ही चालतं.

वाढत्या वयात आणखी एक गोष्ट होते. आपण खोलीत शिरलो की सगळ्या माना वळतात, असं या मुलांना खरोखर वाटतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये त्याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटलं. कपाळावरच्या एका पुटकुळीपायी वाढदिवसाला जायचं नाही, हा त्यातलाच प्रकार. हे फक्त मुलांचं नाही. 2000 साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला. हा प्रयोग मी मुलीला सांगितला, आणि नंतर कुठलाही उलटा टी-शर्ट, वेगळे मोजे घालून बाहेर पडताना तो आमच्या घरात विनोद म्हणून वापरला जाऊ लागला. ‘पाव लोकांनी पाहिलं’ असं म्हणत ती परत येते. ‘हसतील त्याचे दात दिसतील’ ही म्हण मला लहानपणी ऐकवली जायची, पण खरं सांगायचं तर तिचा मला कधी आधार वाटला नाही. दात दिसायचेच, आणि ते चावायचे. हसणारे आपल्याला वाटतात त्यापेक्षा कमी असतात, ही माहिती जास्त उपयोगाची.

आणि हे सगळं आपल्यालाही लागू होतं, हे पालक म्हणून गिळायला जड जातं. स्वतःला काय दिसतं ते सांगायला शिकलेलं मूल पहिल्यांदा ते घरातच सांगणार. माझ्या मुलीने मला आवडणाऱ्या गायनाच्या क्लासबद्दल एक दिवस सांगितलं की तिला तो कंटाळवाणा वाटतो आणि ती माझ्यासाठी जात होती. मला लागलं. तिचा आवाज खरंच गोड आहे. पण घरातल्या खोलीत बहुमत आमचंच असतं, मी आणि तिचे बाबा, शिवाय आजी. त्या तिघांसमोर ती एकटी वेगळं उत्तर देत होती. क्लास बंद झाला. तिच्या बाजूने पहिला कोण बोलला असेल तर तो किड्यांचा वेडा धाकटा, “मला पण तिचं रियाज करणं बोअर होतं” म्हणून.

तिचे केस कुरळे आहेत. मध्ये वर्षभर ते सरळ करून घेण्याची टूम होती, आणि ती त्या टोकापर्यंत जाऊन परतली. का परतली ते मी विचारलं नाही. परवा एका मैत्रिणीला फोनवर सांगताना ऐकलं, “मला माझे केस आधीपासूनच आवडायचे, मला कोणी सांगायला लागलं नाही.” ॲशच्या प्रयोगातही हेच झालं होतं. ज्यांच्या शेजारी खरं बोलणारा सोबती होता त्यांना नंतर विचारलं, तर त्या सोबत्याबद्दल ते मोठ्या आपुलकीने बोलले, पण त्याच्यामुळे आपण ठाम राहिलो हे मानायला बहुतेक जण तयार नव्हते. त्याच्याशिवायही आम्ही तेच उत्तर दिलं असतं, म्हणाले. मुलीचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. थोडं श्रेय मिळालं असतं तर तेही आवडलं असतं, नाही असं नाही.